पूर्ण तिकीट

बारा वर्षं पूर्ण झाली की रेल्वेच्या लेखी बालपण संपतं. पाच ते बारा या वयाला अर्धं भाडं, तेही वेगळा बर्थ मागितला नाही तरच. बारानंतर मिसरूड न फुटलेल्या पोराचंही पूर्ण तिकीट. एसटीचा हिशोब जरा गमतीचा आहे. अर्धं तिकीट तिथंही बाराव्या वर्षीच बंद होतं, पण ते फक्त मुलाचं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं लागू झालं, त्यामुळे मुलगी तेराची असो की साठीची, तिला अर्धंच पडतं. म्हणजे पिशोरहून संभाजीनगरला निघालेल्या एकाच घरातली चौदा वर्षांची ताई अर्ध्या तिकिटावर आणि तिचा तेरा वर्षांचा भाऊ पूर्ण तिकिटावर. संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनात शिरलं की मात्र दोघंही पूर्ण.

तिकीटखिडकीनं पूर्ण ठरवलेल्या या पोरांना घरात कुणी पूर्ण धरत नाही. प्रवासाचं ठरतं तेव्हा तर नाहीच. कुठल्या गाडीनं जायचं, कुठं उतरायचं, काय बघायचं, पैसे किती न्यायचे, हे मोठ्यांनी ठरवायचं आणि लेकरांनी पिशवी धरून मागं चालायचं, अशी आपली रीत. पोरांना घेऊन पहिल्यांदा मोठ्या शहरात जाताना ही रीत मोडावी असं माझं मत आहे. भाडं पूर्ण मोजतोच आहोत, तर आखणीचं कामही पूर्ण द्यावं. हे मत बनलं ते पिशोरला, बहिणीच्या ओट्यावर, मुंबईच्या बेतावरून झालेल्या लांबलचक वादावादीत.

पिशोर हे कन्नड तालुक्यातलं मोठं, बाजाराचं गाव. अंजना नदीचा काठ, अंजना-पळशी प्रकल्पाचं पाणी, शेतात कापूस, मका आणि अद्रक. स्वतःचं पोलीस ठाणं, बँका, शाळा, मोबाइलची दुकानं. इथल्या पोराला अडाणी समजण्याचं कारण नाही. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुली एसटीचा पास काढून रोज शाळेला ये-जा करतात. कंडक्टरशी हुज्जत कशी घालायची, भरलेल्या गाडीत पाय कुठं ठेवायचा, हे त्यांना शिकवावं लागत नाही. वेरूळ बहुतेकांचं सहलीत झालेलं असतं, पितळखोरा आणि गौताळ्याचं जंगल तर तालुक्यातलंच. संभाजीनगरही अनोळखी नाही. दवाखान्याला, कपड्यांना, लग्नाच्या बस्त्याला जाणं होतंच. ज्याला मोठं शहर म्हणावं ते त्याच्या पलीकडचं. पुणे, आणि त्याहून मुंबई.

गावातल्या जुन्या माणसांना विचारलं की मुंबईला कशासाठी गेला होता, तर उत्तरं ठरलेली. दवाखाना, म्हणजे परळचं टाटा किंवा केईएम. मंत्रालयातलं काम. मोर्चा. सहा डिसेंबरला दादरची चैत्यभूमी. किंवा कुणाचं लग्न, कुणाची माती. नुसती बघायला म्हणून मुंबई पाहिली असं सांगणारा क्वचित. मुक्कामही त्याच बेताचे. नातेवाईक नसेल तर आकाशवाणीजवळचं आमदार निवास. आपल्या आमदाराच्या खोलीत पथारी टाकून झोपलेल्या मतदारांच्या कित्येक पिढ्या मराठवाड्यात सापडतील. लोकशाहीचा हा एक फायदा तरी आपण पुरेपूर वसूल केला आहे.

त्या पिढीच्या मुंबईच्या गोष्टी मनमाडपासून सुरू होतात. निजामाच्या राज्यातली मीटरगेज १९००च्या सुमारास मनमाड ते औरंगाबाद (आताचं संभाजीनगर) धावू लागली आणि रुंदीकरण झालं ते थेट नव्वदच्या दशकात. तोवर मुंबईला जाणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला मनमाडला उतरून, ट्रंक डोक्यावर घेऊन, मोठ्या रुळांवरची गाडी धरावी लागायची. बहिणीचे सासरे आजही 'मनमाडला पोचलो' असं म्हणतात तेव्हा अर्धी लढाई जिंकल्याचा सूर असतो. सध्या त्याच मार्गावर अंकाई ते संभाजीनगर दुहेरीकरणाचं काम चाललं आहे, आणि ते होईपर्यंत समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणं काही चुकत नाही.

त्याही आधी पोरं मुंबईला चालत गेली आहेत. अण्णाभाऊ साठे १९३१च्या सुमारास वडिलांबरोबर वाटेगावहून पायी मुंबईला निघाले, तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. म्हणजे आजच्या हिशोबानं अर्ध्या तिकिटाच्या वयातले, आणि तिकिटाला पैसे नव्हते. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या या मुलानं पुढं मुंबईतल्या पाट्या, पोस्टरं वाचत अक्षरं पक्की केली, असं सांगतात. मोठ्या शहरातल्या पाट्या पोर किती हावरटपणे वाचतं, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला ही गोष्ट सहज पटेल.

आता बहिणीच्या घराकडे येतो. भाची नववीत, भाचा नुकताच तेरा वर्षांचा झालेला. 'मामा, आम्हाला मुंबई दाखवा' ही मागणी जुनीच होती. या खेपेला दाजी हो म्हणाले आणि लगेच पुढचं वाक्य आलं, 'अद्रकीला भाव आला तर विमानानं नेतो.' अद्रकीच्या भावाचे चढउतार ज्यांना माहीत आहेत त्यांना हे वाक्य हो आहे की नाही, हे ठरवता येणार नाही.

पहिला वाद तारखेचा. शहरातल्या घरात दिवाळीची सुट्टी म्हणजे सहलीचा मोसम. पिशोरला दिवाळीत कापूस वेचणीला आलेला असतो, मका खळ्यावर असतो, रब्बीची पेरणी तोंडावर असते आणि मजूर मिळता मिळत नाही. दिवाळीत कुणी हलत नाही. उन्हाळ्यात लग्नं. अक्षय तृतीयेच्या सुमारास अद्रकीचे बेड आणि लागवड सुरू होते. म्हणजे शाळेची परीक्षा संपल्यापासून लागवडीची घाई लागेपर्यंतचा जो काही आठवडा-पंधरवडा सापडेल तेवढाच. त्यातून घरातलं लग्न, पाण्याची पाळी आणि गाय व्यायची तारीख वजा केली की जे उरतं ती सुट्टी. हा हिशोब भाचीनं वहीच्या मागच्या पानावर केला. तिला मी काही सांगितलं नव्हतं. लागवडीच्या तारखा ती बापाकडून काढून घेत होती आणि बाप तिला खरंखुरं सांगत होता, हे मला फार बरं वाटलं. एरवी या प्रश्नांना 'तुला काय करायचंय' एवढंच उत्तर असतं.

दुसरा वाद गाडीचा, आणि तो खरा रंगला. पिशोरच्या माणसाला मुंबईला जायच्या वाटा तीन. एक, कन्नडवरून औट्रम घाट उतरून चाळीसगाव. चाळीसगाव भुसावळ-मुंबई या मुख्य मार्गावर आहे, मुंबईपासून रेल्वेनं सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, संभाजीनगरपेक्षा पन्नासेक किलोमीटर जवळ, आणि गाड्या भरपूर. सासऱ्यांचा कौल चाळीसगावला. पण उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या चाळीसगावला पोचेपर्यंत खचाखच भरलेल्या असतात. आणि घाटाचा भरवसा काय? ३१ ऑगस्ट २०२१ ला घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, तो दिवस अजून कुणी विसरलेलं नाही. उन्हाळ्यात दरडीची भीती नसली तरी घाटातल्या खोळंब्याची असतेच.

दोन, संभाजीनगरहून रात्रीची खासगी बस. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, तेव्हापासून गावातली तरुण पोरं याच वाटेचे गुण गातात. मला ही वाट लेकरांच्या पहिल्या प्रवासाला अजिबात पसंत नाही. रात्रभर पडद्याआड झोपायचं, काही दिसत नाही, आणि पहाटेच्या अंधारात कुठल्याशा पुलाखाली 'चला, मुंबईवाले उतरा' म्हणून उतरवतात. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस त्यापेक्षा पुष्कळ बरी. रात्री संभाजीनगरला झोपा, सकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. रुंदीकरणानंतर मराठवाड्याच्या माणसानं मुंबई गाठली ती बहुतेक अशीच, झोपेतून उठून. पण देवगिरीतही कसारा घाट अंधारात किंवा डोळे मिटलेले असताना जातो.

तिसरी वाट दिवसाची. जनशताब्दी आहे, तपोवन आहे. आणि ३० डिसेंबर २०२३ ला जालना ते मुंबई सुरू झालेली आणि नंतर नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत आहे, जी दुपारी मुंबईत पोचते. भाडं ऐकून दाजींनी मान हलवली. तपोवन रात्री उशिरा पोचते, म्हणून ती मी बाद केली. अनोळखी शहरात लेकरांना घेऊन रात्री उतरू नये. राहिली जनशताब्दी. बसायचा साधा डबा, सकाळी संभाजीनगरहून निघायचं, दुपारी उशिरा मुंबई.

इथं भाचीनं एक गोष्ट काढली जी आम्हा तिघा मोठ्यांच्या डोक्यात आली नव्हती. तिनं मोबाइलवर गाडीचे थांबे काढले आणि म्हणाली, 'काकांचं घर कल्याणला आहे, मग आपण शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचंच कशाला? ही गाडी कल्याणला थांबते.' बरोबर होतं. संध्याकाळच्या तोंडावर सीएसएमटीला उतरून, सामान घेऊन, घरी परतणाऱ्या नोकरदारांच्या गर्दीत उलट कल्याणपर्यंत लोकलनं यायचं म्हणजे पहिल्याच दिवशी लेकरांच्या मनात मुंबईची धास्ती बसवायची. सासरे स्टेशनाचं जुनं नाव घेत म्हणाले, 'तुम्हाला बोरीबंदर बघायचंय ना?' ती म्हणाली, 'उद्या बघू, रिकाम्या हातानं.' गाडी तिथंच ठरली.

तिकिटाचं सांगायचं तर आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते एकशे वीस दिवस आधी उघडायचं. उन्हाळ्याच्या गाड्या भराभर भरतात आणि मग गावातल्या ऑनलाइन सेंटरवर तत्काळसाठी रांग लागते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट काढायला आधार पडताळणी केलेलं खातं लागतं, आणि त्याच महिन्यात ओटीपीची अटही आली. दाजींच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडून जमाना झालेला. खेड्यातल्या निम्म्या तरी घरांत हीच रड आहे, म्हणून प्रवासाची तयारी आधार केंद्रापासून सुरू करावी असं माझं प्रामाणिक सांगणं आहे. लेकरांचंही बघावं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे, डोळे, फोटो नव्यानं द्यावे लागतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या आधारवर बालवाडीतला गुबगुबीत फोटो असेल तर लॉजचा व्यवस्थापक दोनदा बघतो. गाडीत शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र चालतं, ते मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवावं.

मुक्कामाबद्दल माझं मत नातेवाइकांना आवडणार नाही. मराठवाड्यातून गेलेला माणूस कल्याण, डोंबिवली, ऐरोलीकडे दोन खोल्यांत राहतो. सकाळी पाचला त्याचा डबा भरला जातो. त्याच्या घरी एक रात्र जावं, प्रेमानं जेवावं, गावचं तूप, डाळ, अद्रक द्यावं आणि दुसऱ्या दिवशी निघावं. चार माणसांनी चार दिवस राहिलं तर तो बोलणार नाही, पण त्याची बायको पहाटे अंघोळीच्या रांगेचं गणित मांडत असते. आरक्षित तिकीट असेल तर मोठ्या स्टेशनांवरची विश्रामगृहं आणि डॉर्मिटरी रेल्वेच्याच संकेतस्थळावर मिळतात; लवकर बघितलं तर खिशाला परवडतात. आम्ही कल्याणचा मुक्काम एका रात्रीचा ठरवला. त्यावर बहीण माझ्यावर रागावली होती. आल्यावर काही बोलली नाही.

मग काय बघायचं याच्या याद्या. दाजींची यादी म्हणजे गेटवे, सिद्धिविनायक, चौपाटी, मंत्रालय बाहेरून. भाच्याची यादी वानखेडे आणि राणीबागेतले पेंग्विन. भाचीच्या यादीत पहिलं नाव वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचं, दुसरं नुसतंच 'समुद्र, संध्याकाळी', आणि तिसरं 'भुयारातली मेट्रो'. बहिणीला विचारलं तर म्हणाली, 'तुम्ही बघा, मी सामान सांभाळते.' चार माणसांच्या घरात आईची यादी कधीच नसते. खूप आग्रह केल्यावर तिनं सांगितलं की तिला बोट बघायची आहे, आत बसायची नाही, बघायची.

याद्या जुळवण्याचं काम भाचीला दिलं आणि अट घातली की वेळ, भाडं आणि सुट्टीचा वार, तिन्ही लिहून आण. वाराची गोष्ट आपले लोक हमखास विसरतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, तारांगण सोमवारी बंद, राणीबाग बुधवारी बंद. संभाजीनगर जिल्ह्यातल्या पोराला हे चटकन कळतं, कारण वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, हे पाहुण्यांना सांगून सांगून त्याला पाठ झालेलं असतं. कल्याणच्या काकांनी फोनवर 'रविवारी फिरा, लोकल रिकाम्या असतात' असं सांगितलं होतं. अर्धं खरं. रविवारी मेगाब्लॉकही असतो आणि दुपारी मधल्याच स्टेशनावर ताटकळायला होतं.

तिच्या कागदात एक गोष्ट मला खरोखर हुशारीची वाटली. आरे ते कफ परेड ही 'मेट्रो तीन' मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, भाडं दहा ते सत्तर रुपये. तिनं या एका रेघेवर सगळ्यांच्या याद्या ओवल्या. सीएसएमटीहून निघून आधी विज्ञान केंद्राचं स्थानक, त्याच रेघेवर पुढं सिद्धिविनायक, परतताना चर्चगेट, तिथून चालत वानखेडे आणि समुद्र. पेंग्विन मात्र त्या रेघेवर बसेनात. भायखळ्याला लोकलनं जावं लागणार होतं. तिनं भावाला सरळ सांगितलं, 'पेंग्विन की वानखेडे, एक सांग.' घरात पहिल्यांदाच एखादी गोष्ट रडारड न होता रद्द झाली.

लोकलचं शिक्षण ओट्यावरच द्यावं. आमच्या घरात ते दोन संध्याकाळी चाललं. इंडिकेटरवर काय काय लिहिलेलं असतं, जलद आणि धीमी यात काय फरक, बारा डबे की पंधरा. के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, हे पोरांना लगेच कळतं. पण कसाऱ्याच्या गाडीला एन आणि कर्जतच्या गाडीला एस, हे विचित्र वाटतं. कल्याणच्या पुढं रूळ फुटतात, एक फाटा ईशान्येला आणि एक आग्नेयेला, म्हणून ती अक्षरं. सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे जाणारी आणि संध्याकाळी पाच ते नऊ मुंबईहून निघणारी लोकल लेकरांबरोबर धरायची नाही, हे कागदावर लाल पेनानं लिहिलं. दारात उभं राहायचं नाही. उतरायच्या आधीच्या स्टेशनलाच उठायचं आणि कुठल्या बाजूला फलाट येतो ते शेजाऱ्याला विचारायचं. मुंबईकराला घाई असते, पण हा प्रश्न विचारला की तो थांबून नीट उत्तर देतो. यात मला आजवर अपवाद भेटलेला नाही.

सगळ्यात अवघड मुद्दा डब्याचा निघाला. बायकांच्या डब्यात बारा वर्षांपर्यंतचाच मुलगा आईबरोबर चालतो. तेरा वर्षांच्या भाच्याला तिथं जागा नाही. बहीण आणि भाची बायकांच्या डब्यात, दाजी आणि भाचा साध्या डब्यात, म्हणजे कुटुंब एकाच गाडीत दोन ठिकाणी आणि घरातला मोबाइल एकच. बहिणीचा चेहरा उतरला. एकटी आई तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन मुंबईत आली तर तिनं काय करायचं, याचं उत्तर लोकलच्या रचनेत नाही. गर्दीच्या वेळी साध्या डब्यात चढण्याचं धाडस करायचं किंवा गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहायचं. आम्ही दुसरा मार्ग घेतला. दुपारची वेळ आणि सगळे साध्या डब्यात.

तरी चुकामूक होऊ शकते. त्यासाठी मुंबईतल्या घरांत चालणारा साधा नियम पोरांकडून म्हणवून घेतला. फलाटावर राहिलेल्यानं जागचं हलायचं नाही. गाडीत चढलेल्यानं पुढच्याच स्टेशनला उतरून, उतरल्या जागी थांबायचं. राहिलेल्यानं पुढची गाडी धरून तिथं यायचं. फोन लागो न लागो. दोघांनीही एकाच वेळी शोधायला सुरुवात केली की गोंधळ होतो. मग नंबर. आजच्या पोरांना एकही फोन नंबर पाठ नसतो, बापाचाही नाही. तो पाठ करून घ्या, आणि शिवाय चिठ्ठीवर लिहून खिशात द्या. रेल्वेचं १३९, लहान मुलांसाठीचं १०९८, कुठलीही अडचण असेल तर ११२. रेल्वे सुरक्षा दलाची 'नन्हे फरिश्ते' ही मोहीम घरातून पळालेल्या किंवा चुकलेल्या मुलांसाठीच चालते, म्हणजे स्टेशनावरच्या वर्दीतल्या माणसाकडे जायला घाबरायचं कारण नाही. उलट वर्दी नसलेल्या कुणी 'तुमची गाडी तिकडं लागलीय' असं सांगितलं तर चौकशीच्या खिडकीवर विचारल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटे एका तरुणीवर जो प्रसंग आला, त्याची सुरुवात अशाच खोट्या माहितीनं झाली होती. मुलीला हे सांगायचं की नाही, यावर घरात कुजबुज झाली. मी म्हटलं, तिनं ते कधीच वाचलेलं आहे. आपण सांगत नाही एवढंच.

सराव मात्र मुंबईत नको, संभाजीनगरात करावा. सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकताना बहिणीसारख्या बायकांना खरीच भीती वाटते. साडीचा काठ अडकेल असं वाटतं. ती भीती तिथल्या प्रोझोन मॉलमध्ये मोडून घेता येते. शहरात जानेवारी २०१९ पासून स्मार्ट बस आहे. सिडकोपासून रेल्वे स्टेशनपर्यंत पोरीनं एकटीनं तिकीट काढून, घरच्यांना मागं बसवून, सगळ्यांना पोचवावं. आमच्या भाचीनं पोचवलं. एक थांबा आधी उतरवलं, पण पोचवलं.

पैसे तिच्याकडे द्यायला दाजी तयार नव्हते. शेवटी रोजचा खर्चाचा पैसा एका पाकिटात घालून तिच्याकडे, आणि मोठी रक्कम बहिणीकडे, असं ठरलं. बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट मे २०२५ पासून दहा रुपये आहे, एसीचं बारा. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं किमान पाच. प्रवास स्वस्त आहे, खाणं नाही. चौपाटीवर चार माणसांनी मनमुराद खाल्लं तर दिवसभराच्या लोकलपेक्षा जास्त बिल होतं, हे पाकीट हातात असलेल्या पोराला एका संध्याकाळीच कळतं. पाकीट बापाच्या बंडीत असेल तर कधीच कळत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही, ती लाजेची. चौदाव्या वर्षी पोराला शहरात आपल्या आईबापाची लाज वाटते. बापाचा पायजमा, आईचं मोठ्यानं हाक मारणं, डब्यातली भाकरी-ठेचा स्टेशनावर सोडणं. याला उपदेश लागू पडत नाही, काम लागू पडतं. मुंबईत मेट्रोच्या फाटकापाशी मी हे डोळ्यांनी पाहिलं. दाजींनी कागदी तिकीट काचेवर ठेवलं, पण छापलेली बाजू वर. फाटक उघडेना. मागं माणसं साचली, कुणीतरी 'च्च' केलं. दाजी तिकीट नुसतंच दाबत राहिले. भाची पलीकडे पोचली होती. ती वळली, हात लांब करून बापाच्या बोटांतलं तिकीट उलटं केलं, आणि फाटक उघडल्यावर म्हणाली, 'बाबा, चला. उजवीकडं.' त्या क्षणी तिच्या तोंडावर लाज नव्हती. ती कामात होती.

आता या बेताची निकड. कन्नड तालुक्यातली पोरं दहावी झाली की संभाजीनगरला क्लासला, वसतिगृहात जातात. बारावी झाली की पुण्याला. भरतीची मैदानं, प्रवेशपरीक्षांची केंद्रं, समुपदेशनाच्या तारखा, सगळं शहरात. म्हणजे बहुतेकांची मोठ्या शहराशी पहिली गाठ पडते ती हातात हॉल तिकीट आणि पोटात गोळा असताना. केंद्र सापडत नाही, रिक्षावाला फसवतो, रात्र फलाटावर जाते आणि सकाळी पेपर. हुशार पोराचे मार्क असे जातात आणि गावात म्हणतात, शहरातली पोरंच पुढं. पुणे जिल्हा परिषदेनं २०२५ मध्ये आपल्या शाळांतली मुलं परीक्षा घेऊन निवडली आणि इस्रो, नासा बघायला पाठवायचं ठरवलं. उत्तम झालं. पण त्यासाठी निवड व्हावी लागते. कल्याणची लोकल बघायला निवड लागत नाही. शाळांना सहलीसाठी एसटी निम्म्या भाड्यात मिळते, तरी बहुतेक सहली आजही किल्ला, लेणी आणि देवस्थान यांच्याच वाटेनं जातात. त्यातल्या एखादीनं तरी मुला-मुलींना लोकलचा इंडिकेटर वाचायला लावावा.

घरच्यांनी शाळेची वाट बघू नये. नववीची परीक्षा संपली की जावं. दहावीत क्लासवाले सोडत नाहीत आणि दहावीनंतर पोरं मित्रांबरोबर जायला बघतात. कामाविना जावं, दवाखाना आणि लग्न यांना जोडून जाऊ नये. मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर आरक्षण मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठला उघडतं. त्याआधी आधारला चालू मोबाइल नंबर जोडून घ्या.